फाटकावरचं नाव

मला त्या शाळेत घातलं आणि आमचं घर नियमांना भिऊ लागलं. तोवर आम्ही भीत होतो ती माणसांना आणि देवांना. माणसं समजूत घातली की निवळतात, देवाला नारळ देता येतो. नियमाला काय द्यायचं हे आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. वडील कारखान्यात बॉयलरवर होते. रबराचा मोठा कारखाना होता, सडकेला लागून. त्याच्या यंत्रांबरोबर परदेशी इंजिनिअर आले, इंजिनिअरांबरोबर त्यांची मुलं आली, आणि त्या मुलांसाठी वसाहतीच्या टोकाला कंपनीनं प्राथमिक शाळा काढली. पाटीवर ‘इंटरनॅशनल’ असा शब्द होता. गावातली माणसं तिला साहेबाची शाळा म्हणत. पण वर्गात साहेबाची मुलं थोडी आणि बंगाली, मद्रासी, सिंधी, पंजाबी हिशेबनीस-केमिस्टांची जास्त होती, आणि कामगारांच्या मुलांसाठी काही जागा ठेवल्या होत्या. वडिलांच्या वरच्या इंजिनिअरनं शब्द टाकला म्हणून त्यातली एक मला मिळाली. वडिलांना त्याचा अभिमान वाटे. आईला त्याची धास्ती वाटे. मिळालेली जागा कोणीतरी काढून घेऊ शकतो, हे तिला पहिल्या दिवसापासून पाठ होतं.

पालकांना बोलावून नियम वाचून दाखवले तेव्हा आई दाराजवळ भिंतीला टेकून उभी होती, खुर्चीवर बसली नाही. कारकून मराठीत सांगत होता. घंटेच्या आधी मूल व्हरांड्यात हवं. फ्रॉकला रुमाल टाचलेला हवा. नखं कापलेली, केस बांधलेले. अंगात ताप असेल तर घरीच ठेवायचं, आणि ताप उतरल्यावरही लगेच पाठवायचं नाही. मधल्या सुट्टीत दूध शाळेचं, डबा घरचा, पण डब्याला उग्र वास नको. हे शेवटचं वाचताना कारकुनानं आमच्याकडे पाहिलं असं आईचं म्हणणं होतं. आम्ही चिपळूणकडचे. आमच्या घरात सुक्या जवळ्याची चटणी ही रोजची गोष्ट. त्या दिवसापासून जवळा रविवारी आला, तोसुद्धा संध्याकाळी, आणि नंतर आई माझे हात चुलीतल्या राखेनं घासून, वर लिंबाची साल चोळून देई. डब्यात घावन आणि गूळखोबरं. रोज तेच. माझ्या बाकावर योहान नावाचा मुलगा बसे. तो कुठल्याशा थंड देशातला, त्याच इंजिनिअरचा मुलगा. त्याला माझं घावन आवडे आणि मला त्याचा पावाचा कडक तुकडा. ही देवाणघेवाण नियमात बसते की नाही हे दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून आम्ही ती डब्याच्या झाकणाआड करत असू.

मी याद्या करणारी बाई आहे. पावसाळ्याआधीची यादी, प्रवासाची यादी, सणाची यादी. घरातले हसतात. नातीला निगडीच्या शाळेतून आणायला जाते तेव्हा गळ्यात माझ्या फोटोचं कार्ड असतं, आणि पहारेकरी मला रोज ओळखत असूनही ते रोज पाहतो. सोबतच्या आज्या कुरकुर करतात. मी करत नाही. त्या कार्डाच्या जागी काय काय असू शकतं, ते मी पाहिलेलं आहे.

कारण आमच्या शाळेचा सगळ्यात कडक नियम मूल घरी नेण्याचा होता. आदल्या वर्षी एका मुलाला कोणी माणूस घेऊन गेला. फाटकाशी उभ्या असलेल्या कोणीतरी सांगितलं की हा त्याचा काकाच आहे. तो खरोखरच काका होता, पण आईबापांनी त्याला पाठवलं नव्हतं. सांजेपर्यंत सगळी वसाहत विहिरी धुंडाळत होती, आणि मूल देहूरोडला चुलतभावंडांबरोबर लाडू खात बसलेलं सापडलं. तेव्हापासून ठरलं की आईबापांनी कागदावर लिहून दिलेल्या माणसानंच न्यायला यायचं, आणि त्यानं फाटकाशी उभं राहून, स्वतःच्या तोंडानं, मुलाचं आणि मुलाच्या वडिलांचं नाव सांगायचं. शेजारच्यानं सांगितलेलं चालणार नाही. नियम करणाऱ्या मिसबाई दूरदेशच्या. उंच, घाऱ्या डोळ्यांच्या, हिंदी आणि मराठी मिसळून बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्याचा विचार केला होता. फक्त एक गोष्ट त्यांच्या कल्पनेत येणं शक्य नव्हतं. मुलांना न्यायला येणाऱ्या निम्म्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत.

आजच्या मुलींना हे सांगितलं की त्या मला माफ केल्यासारखं बघतात. पण आमच्या आईच्या दृष्टीनं हा लाजेचा किंवा मानाचा मामला नव्हता, आयुष्याचा होता. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तेवढ्यानं उणं होतं. वडिलांचं नाव गणपत. म्हणून आई गणपतीचंही नाव घेत नसे. ‘मोदकवाला देव’ म्हणे. गणेशचतुर्थी आली की ‘देव यायचे आहेत’ म्हणे, आणि आम्ही ओळखून घ्यायचं. वडीलही तिला नावानं हाक मारत नसत. ‘सुमे, आईला सांग पाणी ठेव,’ असं तिच्यासमोरच मला सांगत. पाणी ती केव्हाच ठेवायला गेलेली असे. फक्त लग्नकार्यात, हळदीकुंकवात बायका हट्ट धरतात तेव्हा उखाण्यात गुंफून नाव घ्यायची मुभा. उखाण्यातल्या नावाला दोष लागत नाही, कारण ते कौतुकाचं असतं. तेही आईनं मी जन्मल्यावर फारसं घेतलेलं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

फाटकावर हा प्रश्न शेवंताबाईनं सोडवला होता. शेवंताबाई शाळेची आया. तिचा नवरा कारखान्यात गाडे ओढायचा. सुटण्याच्या वेळी ती फाटकाच्या आतल्या बाजूला उभी राही. बाहेर आई येऊन उभी राहिली की आई नुसती मान हलवी, शेवंताबाई ‘सुमन गणपत मोरे’ असं खणखणीत म्हणे, आणि व्हरांड्यातून मी सुटे. मिसबाई आत कागदावर खूण करत. त्यांना वाटे नाव बाहेरून आलं. रोज निम्म्या वर्गाची नावं एकट्या शेवंताबाईच्या तोंडून जात आणि कोणाचंही आयुष्य उणं होत नसे. कामगारांच्या बायकांनी तिला संक्रांतीला न विसरता वाण दिलं असेल, तर ते याच कारणानं.

आम्ही पिंपरी गावात हौसाकाकूंच्या गोठ्याशेजारच्या दोन खोल्यांत राहत होतो. हौसाकाकू जुन्या घरच्या, शेतीवाडीवाल्या. त्यांच्या म्हशींचं दूध शाळेत जाई. दुपारी रिकाम्या किटल्या आणायला त्या जात तेव्हा बहुधा आईबरोबरच जात. आमच्या खोल्यांत तीन आवाज सतत असत. म्हशीचं रवंथ, मालगाडीचा खडखडाट आणि कारखान्याची वाफ. पाळीचा भोंगा एकच लांब असे. त्यावर आई भाकरी थापायला बसे, त्यावरच चूल विझवे. वडील घरी आले की रबराचा जळका वास त्यांच्या आधी आत येई. काजळी इतकी बारीक असे की सोड्यानं धुतलेल्या कपड्यांतूनही ती पाटावर उतरे. जेवताना ते बॉयलरच्या गोष्टी सांगत. एकदा मी विचारलं, बॉयलर फुटतो म्हणजे काय होतं? ते गमतीत म्हणाले, ‘पातेल्यावर झाकण घट्ट बसव, वर दगड ठेव, नि खाली जाळ घालत राहा. तसं.’ मी हसले. आई हसली नाही. त्या दिवसापासून तिनं कुठल्याही पातेल्यावर झाकण घट्ट बसवलं नाही. आमटी असो, भात असो, झाकण तिरकंच. चाकणहून आलेल्या एका पाहुणीनं ते नीट बसवलं तर आई उठून गेली आणि पुन्हा तिरकं करून आली.

आणि ती ऐकत राही. धुणं धुताना, निवडताना, मला वेणी घालताना तिचा एक कान कारखान्याकडे असे. वाफ सोडल्याचा फुस्स आवाज जरा लांबला की तिची बोटं माझ्या केसांत थांबत. मग आवाज बंद होई, बोटं चालू होत. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. पण भीती मुलांना सांगावी लागत नाही. माझ्या वेणीतून ती मला समजत होती.

त्या दुपारी दूध पिऊन झालं होतं आणि आम्ही गाणं म्हणत होतो. परदेशी गाणं होतं, अर्थ कळत नव्हता, बदकाच्या चालीनं हात हलवायचे होते. भोंगा वाजला. लांब नाही. तुटक, एकामागून एक, ठसका लागल्यासारखा. असा भोंगा मी कधी ऐकला नव्हता, तरी त्याचा अर्थ मला तत्काळ कळला. वर्गातल्या प्रत्येक मुलाला कळला असावा. गाणं कोणी थांबवलं नाही, ते आपोआप विझलं. योहानचे हात बदकासारखे वरच राहिले. खिडकीतून पाहिलं तर कारखान्याच्या दिशेनं पांढरी वाफ नेहमीसारखी वर न जाता आडवी पसरत होती, छपरांवरून खाली उतरत होती.

शेवंताबाईनं हातातला झाडू टाकला. मिसबाईंनी तिला काहीतरी म्हटलं. ती म्हणाली, ‘माझा माणूस हाय तिथं, बाई,’ आणि पायांत काही न घालता फाटकातून पळाली. मिसबाईंनी फाटक लावलं, कडी घातली, आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात रांगेनं बसवलं आणि कागद घेऊन स्वतः फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या घाबरलेल्या होत्या. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा पुष्कळ जास्त आहे, म्हणून हे मी निश्चित सांगू शकते. घाबरलेल्या माणसाला धरायला काहीतरी लागतं. त्यांनी नियम धरला.

बायका येऊ लागल्या. कोणाच्या हाताला पीठ, कोणाचे केस ओले. केमिस्टांच्या बायका नावं सांगत होत्या, मुलं उठून जात होती. एक सिंधी बाई रडत रडत नाव सांगून गेली. व्हरांडा रिकामा होऊ लागला तसा मला माझ्या खालचा दगड गार लागू लागला. मग सडकेवरून हौसाकाकू आणि आई येताना दिसल्या. काकू धापा टाकत होत्या. आई चालत होती, पण पायांखाली जमीन नसल्यासारखी. पदर डोक्यावर होता आणि त्याचं टोक तिनं दातांत धरलं होतं.

त्या फाटकापाशी पोचतात तोच गाडी आली. योहानच्या घरची गाडी, नेहमी तिच्यात त्याची आई असे. आज नुसता ड्रायव्हर होता. तो उतरून म्हणाला, ‘योहान बाबा को दे दो, मेमसाब.’

मिसबाई म्हणाल्या, ‘मदर कुठे?’

‘मेमसाब उधर दवाखाने में है.’ ड्रायव्हरनं व्हरांड्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, पण भोंगा मधे थांबला होता तेवढ्यात ते ऐकू आलंच. ‘बॉयलर में पाइप फटा. साब अंदर थे.’

मिसबाईंनी कागद छातीशी धरला. मला वाटलं त्या आता फाटक उघडणार. त्या म्हणाल्या, ‘नाही. मदर येणार, तेव्हा. मी इथं आहे त्याच्याजवळ.’ ड्रायव्हर गाडीत जाऊन बसला आणि त्यानं गाडी चालूही केली नाही. योहाननं मला विचारलं, काय म्हणाला तो? त्याला हिंदी येत नव्हती. मला येत होती. मी म्हटलं, थांब म्हणाला.

बॉयलर हा शब्द आईनं ऐकला होता. तिच्या दातांतून पदर सुटला. तिनं दोन्ही हातांनी फाटकाचे गज धरले आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठले. मिसबाईंनी हात वर केला. ‘बस, सुमन.’ मग आईकडे वळून, ‘नाव सांगा.’

आईनं मान हलवली, जशी रोज हलवत असे. आज नाव म्हणणारी शेवंताबाई नव्हती.

‘नाव,’ मिसबाई म्हणाल्या. ‘मुलीचं. बापाचं.’

‘सुमन,’ आई म्हणाली.

‘बापाचं?’

आईनं काकूंकडे पाहिलं. हौसाकाकू पुढे झाल्या. ‘अवं मिसबाई, गणपत मोरेची बायकू हाय ती! रोज येती की. तुमी बगता की रोज!’

‘तुम्ही नाही. ती.’ मिसबाईंनी आईकडे बोट केलं.

मी व्हरांड्यातून ओरडले, ‘मिस, माझे वडील गणपत मोरे!’ त्यांनी मागे न पाहता पुन्हा म्हटलं, बस.

‘कशी बाई हाय ही!’ काकू म्हणाल्या. मग आईच्या कानाशी, पण काकूंचं कुजबुजणं गोठ्यापलीकडेही ऐकू जाई, ‘घे की गं नाव. घिऊन टाक येकदाचं.’

‘नाय घेणार मी.’

‘आगं पोर आत हाय तुजी.’

‘आज नाय, काकू.’ आईचा आवाज फाटला. ‘दुसऱ्या कुठल्या दिवशी घेईन. आज नाय. आज तिकडं काय चाललंय ठाऊक नाय मला. आजच्या दिवसाला त्यांचं काय उणं करू मी?’

मागे उभ्या असलेल्या बायका गजांकडे सरकल्या. त्यांच्यातल्या कितीकांना तोच प्रश्न पुढच्या क्षणी पडणार होता. भोंगा अजून तुटक वाजत होता. मिसबाई आईच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांना काय वाटत असेल ते आज मी समजू शकते. ही बाई बापाचं नाव का सांगत नाही? हिला ते ठाऊकच नसेल तर? मूल कोणाच्या हाती जाईल? दोघीही एका मुलीला सांभाळण्यासाठीच उभ्या होत्या आणि मध्ये फाटक होतं. मला मात्र तेव्हा एवढंच दिसत होतं की आई मला न घेता निघून जाईल. ती जाईल, आणि मग मी या दगडावर बसून राहीन, आणि मला न्यायला कोणी अशा माणसाला पाठवतील जो ‘काही नाही गं, चल’ म्हणेल. काही नाही म्हणत न्यायला येतात तेव्हा काय झालेलं असतं, ते आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतं.

मग काकूंनी आईचा दंड धरला. ‘उखाण्यात घे. उखाण्यात घेतलं तर दोष न्हाई. घे.’

‘मला आठवत नाय हो एकही.’

‘नवा जुळव. काय बी जुळव. तोंडाला यील ते.’

आई गजांकडे बघत राहिली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला, जसा हळदीकुंकवाच्या पाटावर करतात. आणि मग तिनं, भोंग्याच्या दोन ठसक्यांच्या मध्ये, लग्नात म्हणतात त्याच चालीवर म्हटलं:

‘लोखंडी फाटकाला लोखंडाची कडी,
गणपतरावांचं नाव घेते, द्या माझी पोर तेवढी.’

कोणी हसलं नाही. उखाणा झाला की बायका हसतात, टाळी देतात, ‘अगं बाई’ म्हणतात. मागची एक बाई स्वतःशीच पुटपुटू लागली. तीही काहीतरी जुळवत असणार. मिसबाईंना त्यातलं एवढंच कळलं की नाव आलं. ‘गणपत,’ त्या म्हणाल्या, कागदावर पाहिलं. ‘मोरे?’ आईनं मान हलवली. त्यांनी कडी काढली.

मी निघताना योहान म्हणाला, उद्या. मीही उद्या म्हटलं. त्याच्या वडिलांचे दोन्ही हात आणि छाती भाजली होती. ते वाचले, पण परत कामावर आले नाहीत. योहानला त्याची आई न्यायला येईपर्यंत मिसबाई त्याच्या शेजारी व्हरांड्यात दगडावर बसून होत्या, हे परत आलेल्या शेवंताबाईनं नंतर सांगितलं. तिचा नवरा धडधाकट होता. योहान आमच्या वर्गात पुन्हा आला नाही. ते कुटुंब बोटीनं गेलं.

आईनं माझं मनगट धरलं आणि आम्ही कारखान्याकडे निघालो. काकू किटल्या तिथंच टाकून मागून येत होत्या. आई धावत नव्हती, तरी मला धावावं लागत होतं. वाटेत ती एकदाच बोलली. ‘तिथं गेल्यावर तू सांग हो नाव. तिथं पहारेकरी विचारतील कोण पाहिजे. तू सांग. मोठ्यानं सांग गो.’ तेव्हा मला समजलं की ती आधी शाळेत का आली. कारखान्याच्या दारात वडिलांबद्दल विचारायचं तर त्यांचं नाव घ्यायला तिच्याजवळ माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. काकू होत्या, पण काकू परक्या. असल्या वेळी नाव घरच्याच तोंडानं जावं असं तिला वाटत असणार.

कारखान्याच्या दारासमोर माणसं इतकी होती की मला फक्त पाठी आणि कोपरं दिसत होती. उकळत्या पाण्याचा आणि जळक्या रबराचा वास इतका दाट होता की तो तोंडात लागत होता. दारामागून कोणाला तरी झोळीत घालून दवाखान्याकडे नेलं तेव्हा सगळी गर्दी एका बाजूला झुकली आणि परत आली. चेहरा ओल्या फडक्यानं झाकलेला होता. एका बाईनं किंकाळी फोडली, मग कोणीतरी म्हणालं, ‘गप गं, तो साहेब हाय.’ आणि ती गप्प झाली. पहारेकरी दारावर चढून उभा होता आणि विचारत होता, ‘कोण? कोण पाहिजे? नाव बोला, नाव!’ माणसं नावं फेकत होती. तो आत वळून ओरडत होता. काही नावांना आतून ‘हाय, हाय!’ असं येई, काहींना काहीच येत नसे.

आईनं मला पुढे ढकललं. ‘सांग.’

मी तोंड उघडलं. वडिलांचं नाव मी रोज शाळेत हजेरीला म्हणत असे, कविता म्हणावी तसं. आता ते आलं, पण माझ्याएवढ्याच उंचीचं आलं, समोरच्या माणसाच्या कंबरेला लागून तिथंच पडलं. मी पुन्हा म्हटलं. पहारेकऱ्याची नजर आमच्या डोक्यांवरून गेली. ‘नाव बोला!’ तो दुसऱ्याच कोणाला म्हणाला.

‘सुमे, मोठ्यानं!’

मी ओरडले. घशातून नुसती हवा निघाली. आईनं मला उचलून घ्यायचा प्रयत्न केला, तिला जमलं नाही. मी मोठी झाले होते. ती आजूबाजूला पाहू लागली, काकू कुठं आहेत म्हणून. काकू गर्दीच्या पलीकडे राहिल्या होत्या. पहारेकरी खाली उतरायच्या बेतात होता. आईनं माझं मनगट सोडलं. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता आणि तिनं तो सावरला नाही.

‘गणपत!’

तो आवाज माझ्या आईचा आहे हे मला तिच्या शेजारी उभं राहूनही आधी कळलं नाही. ना राव, ना चाल, ना जुळणी. गुरं राखणारी मुलं डोंगरावरून हाक मारतात तशी हाक होती. समोरची माणसं वळली, आणि त्यांच्यामधून मला दार दिसलं. ‘गणपत मोरे! बॉयलरवाला! गणपत मोरे!’ तिनं पुन्हा हाक मारली. आणि पुन्हा. पहारेकऱ्यानं आत ओरडून नाव सांगितलं. आतून काही आलं नाही. आई थांबलीच नाही. आता ती पहारेकऱ्याला सांगत नव्हती. ती सरळ त्या पांढऱ्या वाफेत हाक मारत होती. दर हाकेगणिक ती आपल्या समजुतीप्रमाणे त्यांचं आयुष्य कमी करत होती, आणि तिला ते ठाऊक होतं, कारण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी तिचं तोंड बंद होत नव्हतं.

पाण्याच्या बादल्या घेतलेली माणसं दारापलीकडून चालली होती. सगळी काळी, सगळी ओली, एकातून एक ओळखू येऊ नये अशी. त्यांतल्या एकानं बादली खाली ठेवली. नीट ठेवली नाही, ती कलंडली. तो दाराकडे पळत आला, लोकांना न बघता, पहारेकऱ्याला न बघता, फक्त आवाज कुठून येतो ते शोधत. त्याची एक बाही दंडापर्यंत फाटली होती आणि भुवया जळून गेल्या होत्या. दाराच्या गजांमधून त्यानं आईला पाहिलं; खाली तिच्या बाजूला उभी असलेली मी त्याच्या नजरेत आले नाही. वडिलांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. बॉयलरच्या गोष्टी ते हसत सांगत. आता त्यांच्या काजळी फासलेल्या तोंडावर डोळ्यांभोवतीची कातडी पांढरी पडली होती. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी आपलं नाव आपल्या बायकोच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं.

‘काय झालं?’ ते म्हणाले. गज धरून ते आमच्या मागे गर्दीत, सडकेकडे, घराच्या दिशेनं पाहत होते. ‘अगं, घरी कोण गेलं आपलं? सुमी कुठाय?’